पगाराचे बिल वाढते, औषधाचे कपाट रिकामे होते

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. अलीकडे पारावर आणि एसटी स्टँडवर तिच्या जोडीला आणखी एक वाक्य ऐकू येते : “सगळा पैसा ह्यांच्या पगारातच जातो, आपल्या वाटणीला उरणार काय?” गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर असतो, पण इंजेक्शन बाहेरून आणायला सांगतात. शाळेत गुरुजी असतात, पण पत्र्याची गळती तीन पावसाळे तशीच असते. शेती खात्याचा माणूस गावात येतो, पण त्याच्याकडे दाखवायला ना बियाणे ना खत. मग माणूस चिडून म्हणतो, हे पगार कशाचे घेतात?

हा राग खोटा नाही. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो. तेव्हा सरकारी खात्यांचा पगाराचा व कारभाराचा खर्च नेमका का वाढतो, कोण वाढवतो आणि त्याची झळ गावात कुठे लागते, हे एकदा नीट बघू या. हिशेब थोडा आहे, पण आपल्या बाजारच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

आधी मूळ आकडा. महाराष्ट्र सरकारच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी रुपये धरली होती. कर, केंद्राकडून येणारा वाटा, अनुदाने, सगळे त्यात आले. या जमेतल्या शंभर रुपयांपैकी सुमारे ३० रुपये चालू नोकरांच्या पगाराला, १३-१४ रुपये निवृत्तांच्या पेन्शनला आणि ११-१२ रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाला जातात. म्हणजे घरात पैसा आला की निम्म्याहून अधिक दारातच वाटला गेला. उरलेल्या पंचेचाळीस रुपयांत रस्ते, धरणे, वीजबिलाची सवलत, औषधे, शिष्यवृत्त्या, पीकविमा आणि निवडणुकीत दिलेली वचने, एवढे सगळे बसवायचे. ते बसत नाही. त्याच अंदाजपत्रकात महसुली तूट सुमारे ४५ हजार ९०० कोटींची दाखवली होती. ती कर्ज काढून भरायची, म्हणजे पुढच्या वर्षी व्याजाचा रुपया आणखी जड.

तक्रार जुनीच

नोकरशाहीचा भार शेतकऱ्यावर पडतो हे काही आजचे गाऱ्हाणे नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात गोऱ्या व काळ्या कामगारांचे पगार आणि पेन्शनी शेतकऱ्याच्या घामातून कशा निघतात हे त्यांनी बजावून सांगितले होते. गांधीजींनी मिठाच्या सत्याग्रहाआधी, मार्च १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले. व्हाइसरॉयचा पगार महिना २१ हजार रुपये, आणि साध्या हिंदी माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांहूनही कमी, हा हिशेब त्यांनी त्यात मांडला होता. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने ठराव केला की स्वराज्यात कोणाही सरकारी नोकराचा पगार साधारणतः ५०० रुपयांच्या वर असू नये.

स्वराज्य आले आणि कामाचे रूपच बदलले. इंग्रजाचे सरकार महसूल गोळा करी आणि बंदोबस्त ठेवी. त्याला मामलेदार, फौजदार, तलाठी पुरत होते. स्वतंत्र देशाच्या सरकारकडे आपण शाळा मागितली, दवाखाना मागितला, पाटबंधारे मागितले, शेतीचा सल्ला मागितला. ही सगळी कामे माणसांनी करायची असतात. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि त्यानंतर गावोगाव मास्तर, नर्स, ग्रामसेवक दिसू लागले. त्याआधी वाडीवस्तीवरच्या बाळंतिणीला सुईणीशिवाय कोणी नव्हते, हे आजच्या तरुणांना सांगूनही पटणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की ‘सरकारी पगार’ म्हटल्यावर डोळ्यापुढे मंत्रालयातला पंख्याखालचा साहेब आणू नका. राज्याच्या पगारखर्चाचा फार मोठा भाग शिक्षकांवर जातो. जिल्हा परिषदेचे शिक्षक तर आहेतच, शिवाय खासगी संस्थांच्या अनुदानित शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांचा पगारही सरकारच देते. त्यानंतर पोलीस आणि आरोग्य. मंत्रालय उद्या कुलूप लावून बंद केले तरी पगाराच्या बिलात फारसा फरक पडणार नाही. (फायलींत पडेल, ती गोष्ट वेगळी.)

एकही माणूस न वाढता बिल वाढते

आता गंमत बघा. एखाद्या कचेरीत दहा माणसे आहेत. पाच वर्षांत एकही माणूस वाढला नाही, कोणाला बढती नाही, काम तेवढेच. तरी पगाराचे बिल दरवर्षी वाढते. कसे?

एक म्हणजे वार्षिक वेतनवाढ, ज्याला कचेरीत इन्क्रिमेंट म्हणतात. मूळ पगाराच्या तीन टक्के. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण हे चक्रवाढ व्याजासारखे चालते. सावकाराचे व्याज ज्याने भरले आहे त्याला हे वेगळे समजवायला नको. तीन टक्क्यांनी चोवीस वर्षांत मूळ पगार दुप्पट होतो, आणि हे सगळे महागाई सोडून.

दुसरा महागाई भत्ता. हा खरा पाणी ओढणारा पंप. देशभरातल्या औद्योगिक शहरांतून कामगारांना लागणाऱ्या वस्तूंचे बाजारभाव दर महिन्याला गोळा होतात. आपल्याकडच्या मुंबई, नागपूर, सोलापूर यांसारख्या शहरांतूनही ते जातात. केंद्राचे लेबर ब्युरो त्यावरून एक निर्देशांक काढते. या निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी घेऊन भत्ता ठरतो आणि वर्षातून दोनदा, १ जानेवारी व १ जुलैपासून, तो बदलतो. सरासरी बारा महिन्यांची असल्यामुळे एखाद्या महिन्यात भाजी स्वस्त झाली म्हणून भत्ता खाली येत नाही. केंद्र सरकार जाहीर करते, मग काही महिन्यांनी राज्य सरकार तोच दर मागील तारखेपासून लागू करते आणि फरक देते. जानेवारी २०२५ पासून हा भत्ता मूळ पगाराच्या ५५ टक्के झाला. राज्यात नवीन लागलेल्या शिपायाचा मूळ पगार १५ हजार, त्यावर ८ हजार २५० महागाई भत्ता, म्हणजे २३ हजार २५०. घरभाडे वगैरे निराळे.

राज्याने केंद्राच्या दराने भत्ता द्यावा, ही मागणी सहजासहजी मान्य झाली नव्हती. डिसेंबर १९७७ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, तो ५४ दिवस चालला. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. पुढे राज्याने केंद्राच्या दराचे तत्त्व स्वीकारले, आणि तेव्हापासून दिल्लीत भत्ता वाढला की मुंबईच्या तिजोरीला हादरा बसतो. ही वाढ थांबलेली एकदाच मोठ्या प्रमाणात पाहिली. करोनाच्या काळात जानेवारी २०२० ते जून २०२१ या दीड वर्षात केंद्राने तीन हप्ते गोठवले होते.

त्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचे वजन सुमारे ३९ टक्के आहे. त्यात कांदा आहे, टोमॅटो आहे, डाळ आहे, दूध आहे. म्हणजे आपल्या मालाचा भाव वाढला की निर्देशांक वर जातो, आणि निर्देशांक वर गेला की नोकराचा भत्ता वाढतो. नोकराची झीज भरून निघते. इथपर्यंत ठीक. पण आपला भाव फार वाढला की काय होते? ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यातच बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्याने त्या पाच महिन्यांत काय सोसले ते सर्वांना माहीत आहे. भाव चढले तेव्हा शहरातल्या ग्राहकाला संरक्षण, नोकराला भत्ता आणि पिकवणाऱ्याला बंदी. ह्यात नोकराचा दोष नाही. पण एका घराला महागाईची छत्री आणि शेजारच्या घराला नाही, हा भेद डोळ्यांत खुपतो, आणि खुपायलाच हवा.

तिसरा वाढीचा उगम म्हणजे वेतन आयोग. साधारण दहा-बारा वर्षांनी केंद्र सरकार एक आयोग नेमते. पहिल्याने १९४७ मध्ये किमान पगार ५५ रुपये ठरवला, दुसऱ्यानंतर तो ८० झाला, तिसऱ्यानंतर १९७३ पासून १९६, चौथ्यानंतर १९८६ पासून ७५०, पाचव्यानंतर १९९६ पासून २,५५०, सहाव्यानंतर २००६ पासून ७ हजार आणि सातव्यानंतर २०१६ पासून १८ हजार. हे केंद्राचे आकडे. राज्य आपल्या पद्धतीने आणि थोडे उशिरा मागोमाग जाते. सातवा आयोग महाराष्ट्राने जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष द्यायला घेतला, पण लागू केला १ जानेवारी २०१६ पासून. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचे ठरले. आता आठवा आयोग आला आहे. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली तो नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला आणि अहवालाला १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

गव्हात मोजलेला पगार

रुपयाची किंमत घसरत गेल्याने रुपयांची तुलना फसवी असते. म्हणून ती गव्हात करून बघू. गहू अशासाठी, की त्याचा सरकारी भाव सलग मिळतो. १९७३ साली गव्हाचा सरकारी खरेदीभाव क्विंटलला ७६ रुपये होता. केंद्राच्या शिपायाचा किमान पगार १९६ रुपये. म्हणजे त्याच्या महिन्याच्या पगारात सुमारे अडीच क्विंटल गहू येई. २०१६ मध्ये गव्हाचा आधारभाव १,५२५ रुपये आणि किमान पगार १८ हजार. आता पगारात जवळजवळ पावणेबारा क्विंटल गहू बसला.

ह्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अन्याय होईल. १९७३ चा शिपाई अर्धपोटी होता. अडीच क्विंटल गव्हात कोणाचा संसार होत नाही. शिवाय शेतकऱ्याचे एकरी उत्पादन या काळात वाढले, हेही खरे. मात्र शेत लहान झाले. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. एकरी पीक वाढले आणि एकरच वाटण्यांत गेले.

याचा परिणाम घरोघर दिसतो. दोन भावांतला एक मास्तर किंवा पोलीस झाला, दुसरा शेतीवर राहिला. पन्नास वर्षांपूर्वी शेतीवरचा भाऊ धान्याची पोती पाठवी आणि नोकरीवाल्याचा संसार त्यावर उभा राही. आज उलट आहे. पोरीच्या लग्नात, विहिरीच्या खोदाईत, दवाखान्याच्या बिलात नोकरीवाला हात देतो तेव्हा गाडा चालतो. त्यामुळेच मुलीचे आईबाप स्थळ बघताना आधी ‘नोकरी आहे का’ विचारतात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, ते काय शहरातून आले? ते आपल्याच घरांतून आले. पगारावर रागावणारा बाप आणि त्या पगारासाठी रात्र रात्र अभ्यास करणारा मुलगा एकाच छपराखाली झोपतात.

आणि नोकर आपल्याला काहीच देत नाही असेही नाही. रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर बसवला. आजही पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये त्यापायी कापले जातात. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या मजुरीला शहरातल्या पगारदारांचा हात लागलेला आहे.

पेन्शन

१९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांचे धरले जाई. आज ते सत्तरीच्या घरात आहे. देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने माणसे जास्त जगतात, ही चांगली गोष्ट झाली. पण राज्याचा नोकर ५८ व्या वर्षी निवृत्त होतो (शिपाईवर्ग ६० व्या) आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे जगतो. जुन्या पद्धतीत त्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, आणि त्याच्या मागे विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन. एका खुर्चीवर तीस वर्षे काम झाले की सरकार तिच्यासाठी पन्नास वर्षे पैसे मोजते.

हा भार ओळखून राज्याने १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या नोकरांची जुनी पेन्शन बंद केली आणि वर्गणीची योजना आणली. नोकराने दहा टक्के टाकायचे, सरकारने आधी दहा आणि २०१९ पासून चौदा. यात एक अडचण अशी, की बचत लगेच दिसत नाही. जुन्यांची पेन्शन तिजोरीतून चालूच आहे आणि नव्यांची वर्गणीही आजच भरावी लागते. दुहेरी खर्च. शिवाय नव्या नोकरांना शेवटी हातात किती पडणार याची खात्री वाटेना. मार्च २०२३ मध्ये त्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला. नेमक्या त्याच दिवसांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली. गहू, हरभरा, द्राक्षे भुईसपाट झाली आणि पंचनाम्याला तलाठीच नाही. पुढे मार्च २०२४ पासून राज्याने निम्म्या पगाराइतक्या निवृत्तिवेतनाची हमी असलेला पर्याय दिला. तो भार उद्याच्या तिजोरीवर पडेल.

माणसे आणि कचेऱ्या का वाढतात

नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५५ साली एक मजेदार निरीक्षण मांडले होते. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटनच्या मोठ्या लढाऊ जहाजांची संख्या ६२ वरून २० वर आली. पण नौदलाच्या मुख्य कचेरीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजे घटली, साहेब वाढले. त्याचे म्हणणे असे, की कामाचा बोजा वाढल्याने नव्हे, तर प्रत्येक साहेबाला हाताखाली माणसे हवी असतात आणि ती माणसे एकमेकांसाठी कागद तयार करतात, म्हणून कचेरी वाढते.

आपल्याकडे हे किती खरे? थोडे खरे. शेती खाते घ्या. गावपातळीवरचा कृषी सहायक, त्यावर पर्यवेक्षक, मंडल कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, उपविभाग, जिल्हा अधीक्षक, विभागीय सहसंचालक, पुण्याला आयुक्त. ही एक शिडी. शेजारी जिल्हा परिषदेची दुसरी शिडी : विस्तार अधिकारी, पंचायत समितीचा कृषी अधिकारी, जिल्ह्याला कृषी विकास अधिकारी. शेतकरी एकच, शिड्या दोन. फवारणीच्या पंपाची एक योजना इकडे, दुसरी तिकडे. एका कचेरीने पाठवले की दुसरीकडे चकरा. ही जोडणी कितीतरी वेळा चर्चेला आली आणि बाजूला पडली. २०२४-२५ मध्ये मात्र नावे झटपट बदलली. तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला, ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’, कृषी सहायक ‘सहाय्यक कृषी अधिकारी’. नाव बदलल्याने पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलतात. सातबारा त्याने लवकर मिळतो असा अनुभव नाही.

पण वाढीचा दुसरा भाग आपण मागून घेतला आहे. १९६० साली राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. जालना, सिंधुदुर्ग, लातूर, गडचिरोली, पुढे नंदुरबार, वाशिम, हिंगोली, गोंदिया, आणि २०१४ साली पालघर. प्रत्येक नव्या जिल्ह्याला कलेक्टर कचेरी, पोलीस मुख्यालय, कोषागार, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, असे पन्नास दरवाजे लागतात. गडचिरोलीच्या टोकाच्या माणसाने कागदासाठी चंद्रपूर गाठायचे, किंवा मोखाड्याच्या आदिवासीने ठाणे, हे योग्य नव्हते. तेव्हा नवा जिल्हा हवाच होता. फक्त फटाके वाजवताना हे लक्षात असू द्यावे, की आणलेली कचेरी दर महिन्याला पगार मागते.

झळ लागते कुठे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, तालुक्याच्या पशुसंवर्धन खात्याला या वर्षी १०० रुपये मिळाले. त्यातले ८० पगाराला आणि २० औषधे, लस, गाडीचे डिझेल, वीजबिल, इमारतीची डागडुजी यांना. पगार दरवर्षी साधारण नऊ टक्क्यांनी वाढला असे धरा : तीन टक्के वेतनवाढ आणि पाच-सहा टक्के महागाईमुळे. खात्याचे एकूण पैसे मात्र वर्षाला पाचच टक्क्यांनी वाढवले. चौथ्या वर्षाअखेर एकूण रक्कम १२१ रुपये ५५ पैसे, पगार ११२ रुपये ९३ पैसे. औषधाला उरले ८ रुपये ६२ पैसे. वीसाचे साडेआठ झाले. शिवाय चार वर्षांत औषध आणि डिझेलही महागले, तो घाटा वेगळाच.

कोणी चोरी केली नाही. कोणी औषध बंद करण्याचा हुकूम काढला नाही. पगार थांबवता येत नाही, थांबवला तर संप होतो, कोर्टात जाता येते. औषधाचा पैसा मुकाट असतो, तो मोर्चा काढत नाही. करोनात हे उघड दिसले. ४ मे २०२० च्या आदेशाने राज्याने योजनांसाठी फक्त ३३ टक्के निधी द्यायचे ठरवले आणि नवी भरती थांबवली. पगार मात्र, एका महिन्याचा काही भाग पुढे ढकलला तरी, दिलाच गेला. द्यायला हवाही होता. त्याच काळात नर्स आणि पोलीस रस्त्यावर उभे होते.

औषध तोडूनही भागत नाही, तेव्हा दुसरी कात्री रिकाम्या जागांवर चालते. माणूस निवृत्त झाला की ती खुर्ची भरायची नाही. राज्यात मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक पदे अलीकडच्या वर्षांत रिकामी असल्याचे सांगितले गेले आहे. म्हणून एका ग्रामसेवकाकडे तीन गावे, एका पशुवैद्याकडे तीन दवाखाने. मंगळवारी तो तुमच्या गावात, आणि गाय अडली शुक्रवारी. राहिलेल्या कामासाठी मानधनावर किंवा कंत्राटावर माणसे घेतात. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, पंचायतीचा संगणकवाला, रोजगार सेवक. खरे गावचे काम पुष्कळदा हीच मंडळी करतात, आणि महागाई भत्त्याची, पेन्शनची शिडी त्यांच्यासाठी लावलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता, तो गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरातच मागे घेतला गेला.

म्हणजे होते असे, की बिल वाढत जाते आणि प्रत्यक्ष हात कमी होत जातात. जे उरतात त्यांच्या हातात साधन नसते. आमच्या मते ‘नोकरांचे पगार कापा’ ही ओरड म्हणूनच पोकळ आहे. कापून मिळेल ते एकदाच मिळेल आणि चांगला माणूस गावाकडे येणार नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ साली राज्याने ‘झिरो बजेट’ आणले होते. प्रत्येक खर्च शून्यापासून तपासायचा, गेल्या वर्षी होता म्हणून यंदा चालू ठेवायचा नाही, असा त्याचा अर्थ. ती रीत फार काळ जोमाने टिकली नाही. आमचे म्हणणे, दोन शिड्यांची एक करा, मधल्या पायऱ्या कमी करा, खालची माणसे भरा. आणि दर माणसामागे औषध-डिझेल-साहित्याची ठरावीक रक्कम पगाराबरोबरच बांधून टाका, ज्याला कोणी हात लावणार नाही. पगार जर आपोआप वाढतो, तर लशीचा पैसाही आपोआप का वाढू नये?

आपल्याकडून काय होऊ शकते

आपल्या तालुक्यात पगार किती आणि साहित्य किती, हे कळणे आपला हक्क आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कचेरीने आपल्या नोकरांचा मासिक पगार आणि मिळालेले अंदाजपत्रक स्वतःहून जाहीर करायचे असते. भिंतीवर किंवा फळ्यावर ते नसले तर अर्ज करावा. पत्ता ‘जन माहिती अधिकारी’ असा लिहून त्या कचेरीचे नाव टाकायचे, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हा नियम आहे. तेवढे शब्द लागतही नाहीत. गुरांच्या दवाखान्याबद्दल विचारायचे तर एवढे पुरे : गेल्या पाच आर्थिक वर्षांत दरवर्षी वेतनावर किती खर्च झाला, औषधे व लशींवर किती, वाहन व इंधनावर किती, मंजूर पदे किती व भरलेली किती. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. न मिळाले किंवा अपुरे मिळाले तर त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, त्याला मुदत पुढच्या तीस दिवसांची.

अर्ज शनिवारी घेऊन जाऊ नका. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे, कचेरी बंद असते. उत्तर आले की पाच वर्षांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडा आणि तो कागद ग्रामसभेत वाचा. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडले जाते, म्हणून तुमच्या गटाच्या सदस्याच्या हातात तो जानेवारीतच पडलेला बरा.